पाठमोरे स्पीकर

भाऊंच्या घरातले दोन स्पीकर भाऊंनी स्वतःच्या हातांनी बनवले, असं बिल्डिंगमधले सगळे सांगतात. भाऊ स्वतः मात्र तसं सांगत नाहीत. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसणारा माणूस एरवी कुणाचे उपकार मानत नाही, कारण त्याच्यावर कुणी केलेलेच नसतात. वर्षानुवर्षं त्याने लोकांची दोनच वाक्यं ऐकलेली असतात: पाणी येत नाही, आणि आलं ते गढूळ आलं. पण या स्पीकरांपायी भाऊंच्या डोक्यावर उपकारांचं एवढं ओझं झालंय, की हल्ली सकाळी कामावर निघाले की प्रत्येक दारापाशी थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना जिना उतरवत नाही. त्यामुळे ऑफिसला रोज दहा मिनिटं उशीर होतो.

सुरुवात मेहुण्यांनी केली. मेहुणे म्हणजे वहिनींचे थोरले बंधू. माळा आवरताना त्यांना एक जुनी कॅसेट सापडली. वहिनी लग्नाआधी एका छोट्या सभागृहात गायल्या होत्या, त्याचं रेकॉर्डिंग. मेहुण्यांकडे गाणी ऐकायची मोठी यंत्रणा आहे. दुकानातून आणलेली, फ्रिजहून उंच, निळे दिवे लागणारी. त्यांनी रविवारी बहिणीला आणि भाऊंना जेवायला बोलावलं, आणि जेवणं झाल्यावर मोठ्या थाटात कॅसेट लावली. वहिनींनी दोन ओळी ऐकल्या. "ही कोण बाई?" एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळायला लागल्या.

आता हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. सहा वर्षांपूर्वी वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलायला काही अडचण नाही. भाऊंना चार शब्द सुनवायला तर मुळीच नाही. पण वरचे सूर गेले ते गेलेच. गाणं तर सोडाच, कामं करताना गुणगुणणंसुद्धा थांबलं. वहिनींचा गाता आवाज आता जगात फक्त त्या कॅसेटवर होता, आणि तोही त्यांना परक्या बाईचा वाटला.

भाऊ तसे अबोल. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण बायकोचं कौतुक तोंडातून निघालं नाही. निघायची वेळ आली की ते भाजी छान झालीय म्हणून मोकळे होत. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. सगळ्यांसमोर ते मेहुण्यांना म्हणाले, की दोष आवाजाचा नाही, तुमच्या यंत्राचा आहे. तो आवाज मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलाय. कसा होता ते या कानांना पक्कं ठाऊक आहे. हिच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला मी स्वतः स्पीकर बनवून तो आवाज जसाच्या तसा ऐकवीन.

मेहुण्यांनी फक्त भुवई उचलली. वाढदिवसाला चार महिने होते. ज्या माणसाने आजवर घरातला ट्यूबलाइटचा स्टार्टरसुद्धा शेजाऱ्यांकडून बदलून घेतला, त्याने भर सासुरवाडीत असं काही बोलून टाकावं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण बोललेला शब्द मागे घेणं भाऊंना जमत नाही; खात्यात तशी पद्धत नाही.

चौकातले रेडिओवाले काका मदतीला आले. हे काका तीस वर्षं लोकांचे रेडिओ, टेप दुरुस्त करत आले. आता कुणी दुरुस्तीला काही आणत नाही, म्हणून भाऊंना बघून त्यांना भरून आलं. त्यांनी समजावलं, की खोक्यात दोन स्पीकर बसवायचे. मोठा वूफर, तो जाड आवाज काढणार. छोटा ट्वीटर, तो बारीक. दोघांत कामाची वाटणी करायला तारेची गुंडाळी आणि एकदोन पुर्जे, आणि ट्वीटर फार तोंड वर काढायला लागला तर त्याला दाबायला एक रेझिस्टर. "संसारच आहे," काका म्हणाले. भाऊंनी घरात कुणाला दाबायला कोण आहे याचा क्षणभर विचार केला आणि वहीत आकृती काढून घेतली.

वूफर पोस्टाने आले आणि पोस्टातच अडकले. त्याचं असं झालं, की वूफरच्या पाठीला मोठं लोहचुंबक असतं. ते पार्सल काट्यावर ठेवलं की काटा बिथरे. एकदा चार किलो, एकदा सहा, एकदा काहीच नाही. पार्सलवर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळल्याशिवाय ताबा देता येत नाही, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं. भाऊंनी लोहचुंबकाचं कारण सांगितलं. तो माणूस म्हणाला, अर्ज द्या, बघू. हेच वाक्य, याच सुरात, भाऊ स्वतः दिवसातून चाळीसदा म्हणत. खिडकीच्या पलीकडून ते कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तीन अर्ज आणि पाच खेपा झाल्यावर त्या माणसाने स्वतःच युक्ती काढली: काट्यावर आधी एक लाकडी स्टूल ठेवलं, त्यावर पार्सल ठेवलं आणि स्टुलाचं वजन वजा केलं. वजन बरोबर भरलं. भाऊ त्या माणसाला आजही चहा पाजतात. शिवाय त्या दिवसापासून खात्याच्या खिडकीबाहेर एक खुर्ची जास्तीची ठेवलीय, तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी.

मग आले सुतारमामा. सुतारमामांनी गावातली निम्मी कपाटं केलेली. हात सोन्याचा आणि मत त्याहून ठाम. भाऊंनी माप, आकृती, प्रत्येक खोक्यावर दोन गोल, सगळं कागदावर दिलं. पंधरा दिवसांनी खोकी आली. काय पॉलिश, काय कोपरे. हात फिरवावासा वाटावा अशी. फक्त त्यांना भोकं नव्हती. भाऊंनी घाबरत विचारलं. सुतारमामा म्हणाले, आहेत की. एवढ्या उत्तम प्लायला दर्शनी बाजूला भोकं पाडायची म्हणजे कामाची बेअब्रू. म्हणून मागच्या बाजूला पाडली, भिंतीकडे. कुणाला दिसायची नाहीत.

भाऊ त्या गुळगुळीत दर्शनी बाजूवरून नुसता हात फिरवत राहिले. सुतारमामांना वाटलं, माणूस भारावलाय. शेवटी वहिनींनी तोड काढली: खोकीच उलटी फिरवायची. मागचं पुढे, पुढचं मागे. त्यामुळे आजही भाऊंच्या घरी पाहुण्यांना दिसतं ते कच्चं प्लाय आणि पेन्सिलीच्या खुणा, आणि ते आरशासारखं पॉलिश तोंड फिरवून भिंत बघत असतं. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

तारेची गुंडाळी भाऊंनी स्वतः केली. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर तांब्याच्या तारेचे दोनशे दहा वेढे. (पाइप बाजारातून आणला होता, खात्यातला नव्हता, याची पावती त्यांनी जपून ठेवलीय.) वेढे मोजताना तोंडाने आकडा म्हणावा लागे, आणि शेजारच्या काकूंना नेमकं तेव्हाच काहीतरी विचारायचं असे. काकूंचं वय पंच्याहत्तर, दार कायम उघडं, आणि प्रश्न साधे. आज किती तारीख? तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? तुझं वजन किती रे आता? भाऊ एकशे सदतीसवर असत आणि तोंडातून अठ्ठ्याहत्तर निघे. पहिली गुंडाळी सहा वेळा सोडवली. शेवटी वहिनी काकूंकडे जाऊन बसल्या आणि त्यांना दोन तास बोलण्यात गुंतवून ठेवलं, तेव्हा कुठे दोन गुंडाळ्या झाल्या. खोक्यांत भरायला कापूस हवा होता, तो वहिनींनी स्वतःच्या उशीतून काढून दिला. पुढे दोन महिने त्या घडी केलेल्या चादरीवर डोकं ठेवून झोपल्या.

एका रविवारी दुपारी स्पीकर बोलले. भाऊंचा आनंद गगनात मावेना. मेहुण्यांकडून आणलेली कॅसेट रेडिओवाल्या काकांनी दिलेल्या जुन्या टेपवर लावली आणि कान देऊन ऐकलं. आवाज भरदार होता, पण जरा मळका वाटला. तिसऱ्या रांगेत ऐकलेला आवाज लख्ख होता. त्यांनी ट्वीटरवरचा रेझिस्टर काढून लहान लावला. थोडं बरं. आणखी लहान लावला. आणखी बरं. आठवडाभराने रेझिस्टर काढूनच टाकला आणि ट्वीटरला मोकळं सोडलं.

मग भाऊंनी जनमत घेतलं. काकू म्हणाल्या, छान आहे हो. वरच्या मजल्यावरचे दोघं म्हणाले, छान. रेडिओवाले काका डोळे मिटून म्हणाले, तुमच्या मनासारखं झालं की झालं. वहिनी म्हणाल्या, चांगलं आहे. भाऊ खूश होते, तरी मन भरत नव्हतं. आवाज अजून पुरेसा लख्ख नव्हता. त्यांनी मग एक जास्तीचा ट्वीटर आणून पहिल्याच्या डोक्यावर बसवला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

याच सुमारास बिल्डिंगमध्ये काही बारीकसारीक बदल घडले, पण भाऊंनी त्यांचा एकमेकांशी संबंध लावला नाही. काकूंचं कायम उघडं असलेलं दार दुपारी बंद राहू लागलं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं जिन्याखालची जागा सोडून रस्त्यापलीकडे राहायला गेलं. वहिनींना सर्दी नसताना कानात कापूस दिसू लागला; विचारलं तर म्हणाल्या, वारा लागतो. पंखा बंद होता.

वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना सोसायटीचे सेक्रेटरी फाइल घेऊन दारात उभे राहिले. सेक्रेटरी हा नियमांचा माणूस. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला मांडव घालायचीसुद्धा त्यांनी स्वतःकडे लेखी परवानगी मागितली होती. ते म्हणाले, मजला क्रमांक दोनवरून कर्कश शिट्टीसारखा आवाज येत असल्याबाबत तोंडी चर्चा आहे. लेखी तक्रार द्यायला कुणी तयार नाही. म्हणून मीच माझ्या नावे तक्रार करून मीच चौकशीला आलोय. भाऊंना हे फार लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या तक्रारी नोंदवल्या त्याच्यावरच तक्रार. ते म्हणाले, माझ्या स्पीकरात शिट्टी नाही. ज्याला वाटते त्याने समोर यावं.

म्हणून रविवारी दुपारी सगळे समोर आले. सेक्रेटरी, काकू, वरचे दोघं, रेडिओवाले काका, आपलं काम बघायला सुतारमामा, आणि वहिनी. रेडिओवाल्या काकांनी तोडगा काढला. त्यांच्याकडे तपासणीची एक कॅसेट होती; तीत एकच सूर खालून सुरू होऊन हळूहळू बारीक बारीक होत वर जातो. काका म्हणाले, सगळ्यांनी हात वर करा आणि सूर ऐकू येईनासा झाला की खाली घ्या. कुणी वाद घालायचा नाही.

सगळ्यांनी शाळेतल्यासारखे हात वर केले. सेक्रेटरींनी फाइलसकट केला. सूर निघाला, घोगरा होता तो गोड झाला, मग पातळ झाला, मग संपला. भाऊंनी हात खाली घेतला आणि काकांना म्हणाले, बघा, कुठे आहे शिट्टी?

भाऊंनी मागे वळून पाहिलं. खोलीतले सगळे हात वरच होते. काकूंचा, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, दुसऱ्या हाताने आधार देऊन धरलेला. सुतारमामांचा. सेक्रेटरींचा, डोळे गच्च मिटलेले. आणि वहिनींचा, त्या हातात नुकताच कानातून काढलेला कापूस होता. कॅसेट अजून फिरत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून भाऊंना दिसत होतं, की खोलीत काहीतरी भयंकर वाजतंय. ते त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, खिडकीवर बसायच्या आधी काय करत होता? भाऊ म्हणाले, बारा वर्षं पंपघरात होतो. डॉक्टर म्हणाले, मग बरोबर आहे. बारीक सूर तिथेच राहिले तुमचे. बोलणं ऐकू येतं त्यामुळे पत्ता लागत नाही. आता गेलेलं परत यायचं नाही, आहे ते सांभाळा.

भाऊ घरी आले आणि स्पीकरांसमोर खुर्ची घेऊन बसले. सगळा उलगडा आता झाला. आवाज मळका नव्हता, कान मळके होते. आणि बाकीचे सगळे दोन महिने निमूटपणे सोसत होते. वहिनी घरोघर जाऊन सांगून आल्या होत्या, की ते माझ्यासाठी करतायत, एवढा वाढदिवस होऊ द्या. म्हणून सगळे छान म्हणाले. काकांनी डोळे मिटले होते ते दुखण्याने. कुत्रं तेवढं खरं वागलं.

भाऊंना याची लाज वाटली आणि लाजेहून जास्त काहीतरी वाटलं. पंपघर ते खिडकी, सगळी वर्षं ते लोकांचं वाईटच ऐकत आले होते. आपल्या वाट्याला एवढी चांगली माणसं आली होती, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं. पण मूळ दुखणं वेगळं होतं. त्यांनी वहिनींना सांगितलं, की उद्या हे उचलून नेऊन टाकतो. मेहुण्यांना कळवतो. त्या आवाजाचा साक्षीदार मी एकटा होतो, आणि साक्षीदारच बहिरा निघाला.

वहिनींनी कोपऱ्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला, रेझिस्टरची पुडी घेतली आणि स्पीकरासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. आधी डोक्यावरचा जास्तीचा ट्वीटर काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "माझे कान चांगले आहेत. पण माझा आवाज बाहेरून कसा होता ते मला कधीच माहीत नव्हतं. गाणाऱ्याला तो ऐकूच येत नाही, आतून येतो. तुम्ही बाहेर बसला होतात. तुम्ही सांगा, मी लावते."

"काय सांगू?"

"कसा होता ते."

आता आली का पंचाईत. चौतीस वर्षांत जे भाजीवर निभावून नेलं, ते तोंडाने सांगायचं. भाऊंनी पाण्याचा ग्लास संपवला. पंख्याकडे बघितलं. म्हणाले, "चांगला होता."

वहिनी म्हणाल्या, चांगलाचा रेझिस्टर पुडीत नाही.

मग भाऊ भिंतीकडे बघत बोलायला लागले, कारण माणसाकडे बघून जमेना. म्हणाले, ओळ सुरू करायच्या आधी तू श्वास घ्यायचीस, तो ऐकू यायचा. पण सुस्कारा नव्हे. शेजारी बसलेलं माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडतं ना, तसा. वहिनींनी कॅसेट लावली, ऐकली, श्वास फार मोठा येतोय म्हणाल्या आणि रेझिस्टर लावला. पुन्हा ऐकली, आणखी मोठा लावला. भाऊंना काही फरक कळत नव्हता. ते म्हणाले, वर चढलीस तरी आवाज पातळ होत नव्हता, तेवढाच जाड राहायचा. वहिनींनी मागची फळी उघडून उशीचा थोडा कापूस बाहेर काढला. पुन्हा लावली. आणि, भाऊ म्हणाले, ओळ संपताना शेवटचं अक्षर तू सोडून द्यायची नाहीस. खाली ठेवायचीस. भरलेलं भांडं ओट्यावर ठेवतात तसं, न सांडता. मी पुढच्या ओळीची वाट बघायचोच नाही. ते अक्षर खाली कसं ठेवतेस तेच बघत बसलो होतो. घरी गेलो आणि आईला सांगितलं, की लग्न करीन तर या मुलीशी.

हे शेवटचं भाऊंना सांगायचं नव्हतं. त्याचा स्पीकरांशी काही संबंध नव्हता.

वहिनी पाठमोऱ्या होत्या. स्क्रूड्रायव्हर बराच वेळ एकाच स्क्रूवर फिरत होता, आणि तो स्क्रू केव्हाचा घट्ट बसला होता. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, दोन्ही स्पीकर थोडे आत वळवले आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. या वेळी कापूस कानात नव्हता. शेजारी काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला.

गाणं पूर्ण झालं. वहिनी मधेच उठल्या नाहीत. भाऊ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण आता त्यांना ऐकायला तीच एक जागा उरली होती.

"तसाच आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तसा आहे."

"मग तोच," भाऊ म्हणाले.